सतरा नंबरची नळी

शांताराम गुंडाळलेलं कॅलेंडर काखेत धरून अच्युतच्या क्वार्टरच्या फाटकाशी आला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अच्युतला जाऊन नऊ दिवस झाले होते.

"अहो, सुतकाच्या घरी कॅलेंडर कसलं नेताय?" निघताना कांचनने, त्याच्या बायकोने, टोकलं होतं.

"वहिनी नको म्हणाल्या तर परत आणीन."

तिला तेवढं पुरलं. जानेवारीत कारखान्याची कॅलेंडरं घेऊन अख्खी पिपलानी कॉलनी इकडून तिकडे हिंडत असते, कोण कुणाकडे बघतंय! त्या गुंडाळीच्या आत काय मावतं आणि ते बाहेरून दिसतं का, हे मात्र शांतारामने घरी दोनदा करून पाहिलं होतं.

दार अच्युतच्या बायकोने, मनोरमावहिनींनी उघडलं. "या भाऊजी. फार दिवसांनी आलात."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, काहीतरी बोलता आलं असतं. तो खुर्चीत बसला. चाळीस वर्षांचा मित्र गेला होता, पण बधिर केलेल्या दाताभोवती जीभ फिरवावी तसं त्याने मनात चाचपून पाहिलं, आणि काहीही लागलं नाही. रडू नाही, हळहळ नाही. खरं सांगायचं तर त्याला फक्त दोन मिनिटं हवी होती, समोरच्या लोखंडी कपाटापाशी, एकट्याने.

कपाटात अच्युतची पोस्टरं होती. अमेरिकन मोटारशर्यतींच्या सिनेमांची, पण जपानात छापलेली जुनी पोस्टरं. हे खूळ दोघांना एकदमच लागलं. त्र्याहत्तर साली कारखान्याने दोघांना सहा महिने जपानला शिकायला पाठवलं होतं आणि तिथे दर रविवारी ते जुन्या पुस्तकांच्या गल्लीत जाऊन पोस्टरं उपसत बसायचे. सिनेमा एकही पाहिलेला नाही, जपानी अक्षर एकही वाचता येत नाही, आणि भोपाळला परतल्यावर दोघांकडे वाहन काय, तर सायकल! लोक हसायचे. हसू देत.

त्यातलं एक पोस्टर उंच होतं, दोन कागदांवर छापून एकाखाली एक लावायचं. वर शर्यतवाल्याचा तेलकट चेहरा, खाली लाल गाडी. दोघांनी मिळून घेतलं आणि नाणं उडवून वाटून घेतलं. चेहरा शांतारामला आला, गाडी अच्युतला. अच्युतने ती नळीत घालून वर नंबर टाकला, सतरा. पुढे कितीतरी दिवाळ्यांना दोघं ते तुकडे भिंतीवर जोडून लावायचे आणि समोर बसून चकल्या खायचे.

कॉलनीची रीत अशी, की गावाला जाणारा शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून जातो. अच्युत गावी अकोल्याला गेला की तुळशीला पाणी घालायचं काम शांतारामचं. बावीस वर्षांपूर्वीच्या एका दिवाळीनंतर मात्र त्याचं इथलं येणं आटलं. कधी शिफ्टची सबब, कधी गुडघ्याची. भांडण झालं असणार, असं लोक म्हणाले. भांडण मुळीच झालं नव्हतं.

"त्रास झाला का फार?" शांतारामने विचारलं.

"नाही. झोपेतच गेले."

वहिनींचे डोळे कोरडे होते. त्या आपल्याच घरात पाहुण्या आल्यासारख्या खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या.

"उद्या पुण्याच्या सिनेमाच्या संस्थेचा माणूस येतोय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सगळं त्यांना द्यायचं ठरवलं होतं. वहीत लिहून ठेवलंय नंबरवार. तो एकेक नळी उघडून बघणार आणि घेऊन जाणार."

"सगळ्या?"

"एकेचाळीसच्या एकेचाळीस."

म्हणजे आजचाच दिवस. शांतारामला ठाऊक होतं म्हणा, त्यासाठीच तर तो आला होता. कपाटाला किल्ली लागलेलीच होती. सतरा नंबरचं झाकण काढायचं, पुन्हा लावायचं, संपलं. पण वहिनी उठेनात. चहाला त्याने नाही म्हटलं. पाणी मागावं, तर तांब्या-भांडं समोरच ठेवलेलं.

एवढ्यात मागच्या दाराशी आरोळी आली, "भाभीजी, सिलेंडर!"

"आले हं," म्हणत वहिनी आत गेल्या.

शांताराम ताडकन उठला. गुडघा कळवळला, तिकडे लक्ष कोण देतो! कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. पंधरा, सोळा, सतरा. झाकण घट्ट बसलं होतं. त्याने नळी मांड्यांत धरून जोर लावला, तसं ते फट्दिशी निघालं आणि घरंगळत पलंगाखाली गेलं. छाती धडधडायला हवी होती, पण तीही नेहमीसारखीच चालली होती. त्याने कॅलेंडरचं रबर काढलं.

"भाऊजी."

वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या, हातात गॅसचं कार्ड. केव्हापासून, देव जाणे.

"मी... नुसतं बघत होतो, वहिनी," तो म्हणाला. साठी उलटलेल्या माणसाने असं पकडलं जावं, यापरीस जमीन फाटलेली बरी.

त्या रागावल्या नाहीत. वाकून त्यांनी पलंगाखालचं झाकण काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"ठेवा ना आत, थांबलात का?" त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं रिकामी आहे ती नळी. हे म्हणायचे, शांताराम लाल गाडी आणून ठेवील एक दिवस, पण तोवर आपण विषय काढायचा नाही हं, नाहीतर त्याला आपल्याकडे यायची लाज वाटेल."