साइटवर नसलेलं

रूपा मघापासून मोबाइलवर कोथिंबीरवडीची कृती शोधत होती. आधी जाहिरात, मग हात हलवत बोलणारी एक बाई, मग परत जाहिरात.

"आमच्या वेळंला असं नव्हतं," बद्रीनाथ म्हणाला. वाळूजच्या कंपनीला आज सुट्टी होती, तो पलंगावर लोळत पडला होता. "माणूस स्वतःची साइट स्वतः बनवायचा. मी अन् बन्सीनं बनवली होती. क्रांती चौकातल्या कॅफेत बसून."

"कशाची?"

"चहाची. शहरात कुठं कसा चहा मिळतो, त्याची."

रूपा हसली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. "अन् हे बन्सी कुठं असतात?"

"हैदराबादला गेला नोकरीला. मग राहूनच गेलं बोलायचं."

त्यानं मुलीचा लॅपटॉप ओढला आणि पत्ता आठवून आठवून टाइप केला. आता काही असणार नाही, हे त्याला माहीतच होतं.

साइट उघडली.

तोच पिवळा रंग. तीच लाल अक्षरं, उजवीकडून डावीकडं पळणारी. एकही जाहिरात नाही. गुलमंडीच्या चहाला पाचपैकी चार किटल्या, एसटी स्टँडवरच्याला अर्धी. "बघ, 'उकळून उकळून दुधाचा जीव घेतला.' हे माझं वाक्य!" बद्रीनाथ उठून बसला. "जशीच्या तशी हाय गं!"

रूपा मात्र पानाच्या वरच्या बाजूला बघत होती. "अहो, हे कोण?"

काळ्या चौकटीत एका पोराचा फोटो होता. बारीक मिशी, हातात काचेचा ग्लास, तोंडभर हसू. चौकटीभोवती हाराचं चित्र. खाली लिहिलं होतं: 'कै. बद्रीनाथ. वाळूजच्या रस्त्यावर अपघातात गेला. ही साइट त्याची होती, मी नुसता टाइप करायचो. मी आहे तोवर बंद पडू देणार नाही. बन्सी.'

बद्रीनाथनं लॅपटॉप जवळ ओढला.

"आमच्या कंपनीत, प्रेस शॉपात, माझ्या नावाचा एक जण होता," बद्रीनाथ शेवटी म्हणाला. "त्याचा झाला होता अपघात. पेपरात आलं होतं. ह्या येड्यानं वाचलं असंल." तो हसायला गेला, पण हसू येईना.

खाली साइट चालूच होती. आता हैदराबादचे चहा होते. शेवटचा गेल्याच महिन्यातला. 'चारमिनारच्या मागं. दाट. साय लई. बद्रीला आवडला नसता.'

बद्रीनाथनं ते दोनदा वाचलं. "मला साय आवडत नाय का गं?"

"मला काय माहीत? तुम्ही कधी बोललाच नाही. देते तसा पिता."

पानाच्या तळाशी बन्सीचा फोन नंबर होता.

"लावा आधी," रूपा म्हणाली. "जित्या माणसाला हार घालू नये."

त्यानं फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोण?"

"बन्सी, मी बद्री."

पलीकडं टीव्ही वाजत होता. कुणीतरी तो बंद केला. "कोण बद्री?"

"अरे, बद्रीनाथ! साइटवर फोटो लावलास ना माझा? मी जित्ता हाय. तो दुसरा होता, प्रेस शॉपातला."

"बातमी वाचली तवा फोन लावला होता मी त्याला," बन्सी सावकाश म्हणाला. "बंद लागला."

"नंबर बदलला होता रे."

"बद्रीनं नवा दिला असता."

बद्रीनाथनं रूपाकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

"मीच हाय, बन्सी. विचार, काय बी विचार."

"शहागंजातल्या चहाला आम्ही काय म्हणायचो?"

बद्रीनाथनं घाईघाईनं पान वर-खाली केलं. सापडलं. "जावयाचा चहा!"

"ते साइटवर लिहिलंय," बन्सी म्हणाला. "साइटवर नाय असं कायतरी सांगा."

बद्रीनाथनं तोंड उघडलं. कॅफे आठवला. पंख्याचा खडखडाट आठवला. बन्सीची सायकल आठवली. का ती त्याची स्वतःचीच होती? बन्सीला एक बहीण होती. ती दार उघडायची, आत या म्हणायची. तिचं नाव जिभेवर येईना. बन्सीचे वडील काय करायचे, तेही येईना. रोज भेटत होते दोघं. रोज.

"साखर," तो म्हणाला. "साखर कमी लागायची तुला."

"नाय," बन्सी म्हणाला. "ती बद्रीला."

बद्रीनाथला वाटलं, आता बन्सी फोन ठेवणार. रूपालाही तसंच वाटलं. तिनं हलकेच त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण फोन चालूच राहिला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"आवाज मात्र त्याचाच हाय तुमचा," बऱ्याच वेळानं बन्सी म्हणाला. "अधूनमधून करत जा फोन. बरं वाटलं."

"बरं," बद्रीनाथ म्हणाला. "करीन तुम्हाला."