मार्ग क

"चढेल तोच प्रवासी. नुसता उभा राहील, त्याला मोजायचं नाही."

मार्गदर्शकांचा हा आवाज अडतीस वर्षं सरांच्या कानांतून गेला नव्हता. शहरी वाहतुकीचं अर्थशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. उद्या निरोपाचं भाषण होतं आणि कागद दुपारपासून कोराच होता.

"पहिल्या शोधनिबंधावर बोला," कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली. "त्यानंच नाव झालं. मीच तर टाइप केला. मार्ग क, शेवटचा थांबा, प्रवासी शून्य. शून्यावर प्रोफेसर झालेला माणूस मी एकच पाहिला."

तेव्हा ती विभागात टायपिस्ट होती. एकटी राहायची, मागचं काही बोलायची नाही. सरांनीही कधी खोदून विचारलं नाही.

"शून्य नव्हतं ते," सर म्हणाले. "एक बाई होती. रोज सहाच्या बसला यायची. उतरणाऱ्यांची तोंडं बघायची आणि परत जायची. चढायची नाही, म्हणून मी मोजली नाही. त्या शून्यावरच बस बंद झाली. अजून डोळा लागला की ती दिसते. बोलत नाही, नुसती रस्त्याकडे बघत उभी असते."

"मग सांगा उद्या तसं."

"सगळी कारकीर्द खोटी पडेल माझी."

"आणि नाही सांगितलं तर?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"एकदा विचारलं मी, मावशी, वाट कुणाची? म्हणाली, लेकीची, भांडून गेलीय. म्हटलं, मग कशाला येतेय ती? तर म्हणे, जाताना 'येते' म्हणाली. 'जाते' नाही म्हणाली."

"अहो, निघताना सगळेच तसं म्हणतात. सवय असते जिभेला."

"तेच म्हणालो, तर माझ्यावरच चिडली. आमची खारू शब्द मोडायची नाही, म्हणाली."

बायकोचे हात थांबले.

"कुठला हो तो थांबा?"

"जुन्या दगडखाणीपाशी. निबंधात खरी नावं घालत नाहीत, म्हणून 'क'."

तिनं हातातली घडी अर्धवटच खाली ठेवली. सरांनी मात्र एकदाचं लिहायला घेतलं: ते शून्य नव्हतं. पुढची ओळही सुचली. चपलांचा आवाज आला, तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारलं, "आत्ता कुठे निघालीस?"

"आईकडे," ती म्हणाली. "येते म्हणाले होते."