पेनाच्या तीन खुणा

"वर म्हटलं ना, आई. तू वेलांटी काढलीस."

"वरच ओढलं मी. हातच वाकडा आहे, त्याला मी काय करू?"

फोन मेजावर टेकवून उभा केला होता आणि गुमजाच्या हातात त्याचं काडीएवढं पेन होतं. पेनाचं बटण दाबून धरायचं, हवेत खूण करायची, की फोन ते काम करणार. स्क्रीनला हात लावायला नको. तोंगयंग बंदरावरच्या कारखान्यात चाळीस वर्षं कालवं फोडून तिच्या बोटांची टोकं इतकी झिजली होती, की फोनला तिचा स्पर्शच कळत नसे. म्हणून हे पेन.

तिच्या मुलीने, युरिमने, तीन खुणा ठरवून दिल्या होत्या. वर ओढलं की शेजारच्या मेंग मावशींना फोन. गोल काढला की औषधाचं दुकान. पेन झटकलं की ११९, म्हणजे अॅम्ब्युलन्स.

तिसरी खूण दोन दिवसांतच अंगाशी आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात तो, न सांगताच झटके देणारा. गुमजा मेंग मावशींना बोलवायला गेली आणि दारात अॅम्ब्युलन्स उभी. दुसऱ्यांदाही तीच माणसं आली, तेव्हा तिने लाजेकाजेने त्यांच्या खिशात संत्री कोंबली आणि त्यांना वाटेला लावलं.

युरिम पुन्हा सेटिंग उघडून बसली. झटकण्यावरचं काम काढून टाकलं, ११९ डावीकडे ओढण्यावर नेलं, आणि सरावापुरता तिथेही मेंग मावशींचाच नंबर घातला.

"आणि तुझा नंबर?" गुमजाने विचारलं. "तो कुठल्या खुणेला?"

"माझा नको."

"नको म्हणजे?"

"मी उचलला नाही तर? मेंग मावशी चोवीस तास घरात असतात." युरिमने मान वर केली नाही. "या तीन खुणा ओळीने दहा वेळा बरोबर आल्या ना, की तू एकटी राहू शकतेस. गुरुवारच्या आत यायला हव्यात."

गुमजाला ते फार लागलं. पण गुरुवार कशाचा, हे तिने विचारलं नाही. ते तिला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात युरिम गॅलरीचं दार ओढून फोनवर बोलत होती. "गुरुवारी बेड नक्की ना? किती दिवस ते आत्ता सांगता येणार नाही? बरं." गल्लीतल्या प्यो आजींना त्यांच्या मुलाने असंच 'जिंजूला जाऊन येऊ' म्हणून नेलं होतं, म्हाताऱ्या माणसांच्या हॉस्पिटलात. तो तेवढा जाऊन आला. आजी अजून तिथेच आहेत.

गुमजाला राग धरता येईना. शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे पोरांचं तळण तळून ही मुलगी घरी यायची ती भिंतीला टेकूनच बसायची. तळणाच्या धुराने तिला कायमचा खोकला धरलेला. या महिन्यात तर रजाच घेतली होती, तरी जेवण ताटात तसंच राहायचं. शेहेचाळिसाव्या वर्षी, ना नवरा ना मूल, आणि गळ्यात म्हातारी आई. कंटाळली असेल. कोण नाही कंटाळणार?

पण ती दहा वेळांचं बोलली होती. गुमजाने तेवढंच धरून ठेवलं. दहा आले तर कदाचित घरीच ठेवेल. ती भांडी घासताना लाटण्याएवढा चमचा हवेत वर ओढायची, झोपताना अंथरुणात गोल काढायची. दमून मनगट सुजलं, तर त्यावर मलमपट्टी चिकटवून पुन्हा पेन उचलायची.

बुधवारी दुपारी दहापैकी दहा आले.

दहाव्या वेळी फोनमधून मेंग मावशी ओरडल्या, "गुमजा, आता परत फोन केलास तर येऊन ते पेन मोडीन! माझा किमचीचा कोबी अर्धा चिरून पडलाय!"

युरिम खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. गुमजाला वाटलं, पोरीला लाज वाटली असेल, आता बेत बदलेल.

गुरुवारी सकाळी दाराशी बॅग होती. एकच, चेन लावलेली.

"आपण जिंजूला जाऊन येऊ, आई."

गुमजाने चांगला स्वेटर घातला. गॅस बंद आहे का ते दोनदा पाहिलं, कुंडीतल्या मिरचीला पाणी घातलं. भांडायचं त्राण दोघींतही नव्हतं. बसमध्ये अर्धा रस्ता झाल्यावर तिला राहवलं नाही.

"मला सगळं येतं गं आता. दहापैकी दहा आले."

"माहितेय. म्हणून तर माझा जीव भांड्यात पडला," युरिम म्हणाली आणि तिने आईचा हात हातात घेतला.

गुमजाने हात काढून घेतला नाही. पण खिडकीकडे तोंड फिरवलं ते जिंजू येईपर्यंत.

हॉस्पिटल मोठं होतं. चौथ्या मजल्यावर काउंटरमागची नर्स तरुण होती आणि तिला बरीच कामं होती. युरिमने कागद पुढे केले. नर्सने ते चाळले, छापून आलेली नावाची पट्टी फाडून घेतली आणि म्हणाली, "हात पुढे करा."

आता तमाशा करून काय मिळणार, असं मनाशी म्हणत गुमजाने स्वेटरची बाही सारली आणि आपलं मनगट काउंटरवर ठेवलं.

नर्सने ते हळूच बाजूला केलं आणि पट्टी युरिमच्या मनगटाला बांधली. मग टॅबलेट गुमजाकडे वळवून पेन तिच्या बोटांत दिलं.

"पेशंटच्या नातेवाईक तुम्हीच ना, आजी? ऑपरेशनच्या संमतीची सही इथं करा."