नऊ सेकंद

मिनेसोटातली गोष्ट, एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची. प्राध्यापक हाल्वर्सन यांच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मनाचं नाव काढणं म्हणजे देवघरात चपला घालून शिरणं. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं.

त्यांची विद्यार्थिनी इडा हिच्या प्रबंधातली एक ओळ त्यांनी लाल पेन्सिलीने खोडली. "'चक्रव्यूहात दोन वाटा फुटतात तिथे उंदराने विचार केला'? तुझ्या कानात येऊन सांगितलं वाटतं त्याने? उंदीर थांबला, नऊ सेकंद. एवढंच लिही."

"सर, त्याच ओळीवर माझा सगळा प्रबंध उभा आहे. तुम्ही सही नाही केलीत, तर मी आपली गावी जाऊन गाईंच्या धारा काढते."

हाल्वर्सन उठले आणि खिडकीशी जाऊन बाहेरच्या बर्फाकडे बघत राहिले. इडाने घड्याळ पाहून वहीत काहीतरी टिपलं. परत येताना त्यांनी ते वाचलं: 'प्राध्यापक थांबले. चाळीस सेकंद.'

"थांबले? अगं पोरी, मी विचार करत होतो!"

इडाने लाल पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली.

प्राध्यापक पुन्हा थांबले. तीन सेकंद. मग त्याच पेन्सिलीने त्यांनी सही केली.