नखांची तिसरी शाळा

वेस्टमिन्स्टरमधल्या आमच्या व्हिएतनामी वस्तीत नखांचं काम शिकवणारी, मी आणि आईनं पाहिलेली ही तिसरी शाळा. पहिल्या दोन्ही मीच नाकारल्या, कारण त्या घरापासून लांब होत्या. इथं माझी मैत्रीण दिएम शिकत होती.

आईनं बावीस वर्षं सलूनमध्ये लोकांची नखं रंगवली. पण शाळा निवडताना ती ना फी विचारत होती, ना किती मुलींना या कामाचा परवाना मिळतो ते. दारात थांबायची आणि मला एकच विचारायची.

"थाओ, वास कितपत आहे गं?"

इथं आत पाऊल टाकताच माझे डोळे चुरचुरले. एकही खिडकी नव्हती.

"काही नाही."

"नक्की? तू म्हणशील ते खरं धरते मी."

"तुलाही नाक आहे ना, आई? माझ्या मागं काय लागलीस?"

ती काउंटरवरच्या बाईंकडून फॉर्म घेऊन लिहायला बसली.

तेवढ्यात मागच्या टेबलावर कुणाचा तरी धक्का लागून नखांचा रंग पुसायच्या उग्र अ‍ॅसिटोनची बाटली कलंडली. ओघळ आईच्या खुर्चीखाली आला. मुली नाक दाबून मागं सरकल्या, दिएम खोकत बाहेर पळाली. आई मान खाली घालून माझं नाव लिहीत राहिली. मग तिनं वर पाहिलं, सगळ्यांचे नाकावरचे हात पाहिले आणि मला हळूच विचारलं, "आत्ता वास येतोय का?"