नाव नसलेलं भांडं

"ही लेखिका आपल्याकडची असूच शकत नाही," मिस क्लॉडीन पुस्तक मांडीवर आपटत म्हणाली. "मयताच्या घरी खाणं पाठवायचं आणि भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी नाही? अगं, अलाबामात शेंबड्या पोरीलाही हे कळतं."

"पण तेच तर सगळं पुस्तक आहे, मिस क्लॉडीन!" जो-बेथ म्हणाली. ती शाळेत शिकवायची. वाचनमंडळाच्या चौघींत सगळ्यात लहान. शेवटचं प्रकरण तिने रडत वाचलं होतं. "जिवाभावाच्या दोघी. भांडण होतं, बोलणं तुटतं. मग एकीचा नवरा जातो आणि दुसरी तिच्या दारात भांडं ठेवून पळून जाते. नाव घातलं तर भांडं परत येणार. परत द्यायला ती येणार. मग तोंड दाखवावं लागणार."

"त्यासाठी चारशे पानं? निम्म्या पुस्तकात दोघी नुसत्या फुगून बसल्यात. माझ्या बहिणी हे फुकट करतात."

जो-बेथला हसू आवरेना. इमोजीन हसली नाही. ती सगळ्यांच्या पेल्यांत गार चहा ओतत होती. भिंतीलगत खोकी रचलेली होती. घर विकलं गेलं होतं, शनिवारी ती टेनेसीला बहिणीकडे कायमची जाणार होती. वाचनमंडळाची तिच्या घरची ही शेवटची बैठक. पुस्तक तिनेच निवडलं होतं, आणि जिने निवडलं तिने शेवटी बोलायचं असा त्यांचा रिवाज होता.

"मर्टिस, तू का गप्प?" क्लॉडीनने विचारलं. "वाचलंस तरी का?"

"वाचलं." मर्टिस नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. "उगाच डोकं चालवताय. पट्टी ओली झाली, गळून पडली. संपलं. एवढ्याशा गोष्टीची कोणी कादंबरी करतं?"

"असं कसं? त्या बाईच्या मनात किती खंत—"

"खंत असती तर आत आली असती, जो-बेथ. दारात भांडी ठेवत बसली नसती."

टेबलावर मधोमध पीचचा कॉबलर होता, फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ. पांढरं पसरट भांडं, कडेने निळी फुलं. झाकण नव्हतं म्हणून वर ताटली उपडी घातली होती. ते भांडं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. इमोजीनचा एकुलता एक मुलगा क्लेटन कापसाच्या गिरणीजवळच्या वळणावर गाडीखाली सापडून गेला. गाडी कोणाची, ते कधीच कळलं नाही. तेव्हा गावाने घर खाण्याने भरून टाकलं होतं. इमोजीनने एकेक भांडं ज्याचं त्याला परत केलं, रीतीप्रमाणे आत काहीतरी घालून. हे एकच राहिलं. तिने चर्चमध्ये उभं राहून विचारलं होतं. कोणी पुढे आलं नाही.

"आता तुमचं मत, मिस इमोजीन," जो-बेथ म्हणाली.

इमोजीन बसली. "मला शेवट पटला नाही. पुस्तकातली बाई भांडं ठेवून घेते आणि गप्प बसते. मला नसतं जमलं. आणि एक सांगते, दुसऱ्याचं भांडं घेऊन मी हे गाव सोडणार नाही."



"अगं, दे चर्चच्या स्वयंपाकघराला," क्लॉडीन म्हणाली. "कुठवर जीव अडकवशील त्यात?"

निघताना क्लॉडीनने आणि जो-बेथने आपापली भांडी उपडी करून नावं पाहिली आणि उचलली. मर्टिसने पेले विसळले. क्लेटन गेल्यापासून या घरातले पेले तीच विसळायची. दवाखान्याच्या चकरांना, थडग्यावर फुलं ठेवायला, सगळीकडे इमोजीनबरोबर तीच असायची. इमोजीनने उरलेल्या कॉबलरसकट निळ्या फुलांचं भांडं तिच्या हातात दिलं.

"तुला आवडतो. घेऊन जा. भांडं उद्या आण."

मर्टिस क्षणभर भांड्याकडे बघत राहिली. मग गेली.

सकाळी ती आली तेव्हा भांडं पावांनी भरलेलं होतं आणि वर झाकण होतं. पांढरं, कडेने निळी फुलं. जरासुद्धा न हलता नेमकं बसलेलं.

इमोजीनने ते दोन्ही हातांनी घेऊन टेबलावर ठेवलं.

"माझंच आहे," मर्टिस म्हणाली. "रात्रभर डोळा लागला नाही. तू अशी निघून गेली असतीस, तर..."

"बस आधी."

"तेव्हा आपण बोलत नव्हतो. आठवतं? चर्चमधल्या त्या गाण्यावरून. क्लेटनचं कळलं आणि मला काही सुचेना. हात आपोआप चालले. केलं, ओसरीवर ठेवलं आणि पळाले. नाव लावायला तोंड कुठे होतं? मग दफनाच्या दिवशी तूच मला जवळ घेतलंस. त्यानंतर कसं सांगणार, इमोजीन?"

"तुला कोणी सांगितलं होतं? क्लेटनचं?"

"शेरीफच्या बायकोने. तो तुझ्याकडे येऊन गेल्यावर तिचा फोन आला."

"आणि मग तू हे केलंस."

"मग केलं." मर्टिस रडायला लागली. "त्या पोरीने बरोबर ओळखलं बघ. मी काल उगाच तिला झिडकारलं."

इमोजीनने तिचा हात हातात घेतला. मर्टिसचं रडणं थांबेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. दुसऱ्या हाताने तिने झाकण उचललं, पुन्हा जागेवर ठेवलं.

क्लेटन गेला त्या सकाळी गावात कोणालाच काही ठाऊक नसताना शेरीफ बातमी घेऊन तिच्या पायऱ्या चढला, तेव्हा हे भांडं ओसरीवर त्याच्या वाटेत होतं. त्याने ते उचलून आधी तिच्या हातात दिलं, मग टोपी काढली, आणि भांडं अजून गरम होतं.