इस्त्रीचा शर्ट

तपासणीच्या सिस्टर अकरा वाजता येणार होत्या आणि शैलाच्या मनगटावरच्या पट्टीत अपराधभावाचा आकडा जेमतेम बावीस दिसत होता. आकडा चाळीसच्या खाली गेला, की घरच्यांचं मन मेलं असं धरायचे आणि विस्मरणाच्या पेशंटला शुश्रूषागृहात न्यायचे. तिथून अजून कुणी परत आलेलं नव्हतं.

हा महिना बरा गेला होता. वडिलांना, म्हणजे अप्पांना, तिनं वेळेवर भरवलं होतं, एकदाही आवाज चढवला नव्हता. मनाला खावं असं काही घडलंच नव्हतं, आणि तिथंच पंचाईत झाली होती.

त्यावर तिचा उपाय ठरलेला होता. अप्पांनी जन्मभर शिलाईकाम केलेलं. मापाची टेप अजूनही त्यांच्या गळ्यात असायची. सिस्टर यायच्या आधी शैला ती हिसकावून घ्यायची. मग ते गळा चाचपत रडत बसायचे आणि आकडा साठाच्या पुढे जायचा.

आज तिनं त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. तो फक्त सिस्टर यायच्या दिवशीच निघायचा. अप्पा शर्टाकडे बघत राहिले. मग मुलीचं नावही विसरलेल्या त्या माणसानं गळ्यातली टेप आपणहून काढली, नीट गुंडाळली आणि तिच्यापुढे धरली.

"घ्या बाई," ते म्हणाले, "पण ओढू नका. मान सोलवटते."

सिस्टर आल्या तेव्हा पट्टीत ब्याण्णव होते.

"छान," त्या म्हणाल्या, "असंच जपा त्यांना."